डी पाल्माचा ‘हाय, मॉम!’: फालतू म्हणणाऱ्यांना उत्तर

सिनेखोर
परवा इथेच एकाने लिहिलं होतं की ब्रायन डी पाल्मा या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘हाय, मॉम!’ (१९७०) म्हणजे हिचकॉकची उचलेगिरी, वर काळ्यांना गुंड दाखवणारा वंशद्वेष, आणि नायकाच्या कामात रॉबर्ट डी नीरो नसता तर कुणी विचारलंही नसतं. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

उचलेगिरीचं आधी. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’तला नायक जेम्स स्ट्युअर्ट पाय मोडून घरात अडकलाय, त्यामुळे त्याच्या बघण्याला निमित्त आहे. शेवटी खून उघडकीस येतो, म्हणून सगळं माफही होतं. इथला जॉन रुबिन (डी नीरो) व्हिएतनामच्या युद्धावरून धडधाकट न्यूयॉर्कला परतलाय. समोरच्या खिडक्यांवर कॅमेरा रोखायचा, त्याला ‘पीप आर्ट’ म्हणायचं आणि जो बॅनरसारख्या पॉर्नवाल्याकडून पैसे काढायचे, एवढाच त्याचा उद्योग. समोरच्या ज्यूडीला पटवून स्वतःचाच प्रसंग चित्रित करायला जातो, तर ऐन वेळी कॅमेऱ्याची मान खाली कलते. खालच्या मजल्यावर एक गोरा क्रांतिकारक अंगाला काळा रंग फासत असतो! दोन वेगळे सिनेमे चिकटवलेत म्हणणाऱ्यांनी हा शॉट परत बघावा.

आता ‘बी ब्लॅक, बेबी’, म्हणजे सिनेमातल्या नाटकमंडळीचा प्रयोग. चेहरे पांढरे केलेले काळे नट, तोंडाला काळं फासलेले गोरे प्रेक्षक. त्यांना काळ्यांचं जेवण बळेच भरवतात, लुटतात, मारतात, एका बाईवर बलात्कार होतो. पोलिसाच्या वेशातला डी नीरो येतो आणि प्रेक्षकांनाच धरतो, का तर काळे दिसतात. बाहेर आल्यावर हीच भेदरलेली मंडळी म्हणतात, नाट्यसमीक्षक क्लाइव्ह बार्न्सने लिहिलं होतं ते खरंच होतं. हा वंशद्वेष? अहो, वंशद्वेषाविरुद्ध असण्याची ज्यांना हौस असते त्यांच्या कानाखाली काढलेला आवाज आहे हा.

अवंती_जो
कानाखाली नक्की कुणाच्या? पुरुषांची पाकिटं जातात, बाईवर बलात्कार होतो, आणि विनोदाचा शेवट जमावा म्हणून तिचा वापर होतो. तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंत. डी पाल्माचे पुढचे ‘ड्रेस्ड टू किल’ आणि ‘बॉडी डबल’ आठवा. खिडकीतून बघणाऱ्यावर टीका करता करता हा माणूस स्वतः कधी खिडकीशी जाऊन बसला, त्याला कळलं नाही. किंवा कळलं होतं.

ठाणेकर
सिनेमा बघितला. डोक्यावरून गेला. तो मधला ब्लॅक अँड व्हाइट भाग खरा की नाटक?

सिनेखोर
@ठाणेकर, नाटकच. प्रेक्षकही नटच आहेत. हातातला हलता कॅमेरा आणि बुद्धिजीवी टीव्हीच्या माहितीपटाची नक्कल, म्हणून खरं वाटतं.
@अवंती_जो, ‘बॉडी डबल’ १९८४ चा, त्याची शिक्षा १९७० च्या सिनेमाला का? त्याच सुमारास त्याने नाट्यदिग्दर्शक रिचर्ड शेक्नरच्या मंडळींचं ‘डायोनायसस इन ६९’ हे नाटक चित्रित केलं होतं. प्रेक्षकांत मिसळणारं ते रंगकर्म त्याने जवळून पाहिलं होतं, त्याचीच टर उडवलीय.

अवंती_जो
जवळून पाहिलं म्हणून सूट? बरं.

खालची_आळी
मी इथे सहसा लिहीत नाही. ‘बी ब्लॅक, बेबी’ बघताना मला हसू आलं नाही, चेहरे ओळखीचे वाटले. लहानपणी आमच्या वस्तीत कॉलेजची पोरं ‘अनुभव’ घ्यायला यायची. आमच्याकडे भाकरी खायची आणि एकमेकांकडे बघून किती छान म्हणायची. एकाने माझी आई नळावर भांडी घासत होती तिचं शूटिंग केलं, विचारलं नाही. पुढे त्यांनी वस्तीवर नाटक बसवलं. आम्ही गेलो तर दारात तिकीट मागितलं. आत आईसारखं लुगडं नेसलेली मुलगी भांडी घासत होती, आणि लोक रडत होते.

ठाणेकर
आली जात. धागा न्यूयॉर्कचा आहे हो!

खालची_आळी
अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे नातं मी आज इथे बसून जोडलेलं नाही. तुम्हाला रुबिनचा कॅमेरा चालतो, माझी आई चालत नाही.

न्यूजर्सीकर
वीस वर्षं इकडे आहे. रंगावरून काय काय ऐकावं लागतं ते आम्हाला विचारा. कंपनीत एकदा विविधतेची कार्यशाळा झाली, मला पुढे उभं करून ‘तुझी वेदना सांग’ म्हणाले. मी सांगितली. टाळ्या वाजल्या आणि बढती दुसऱ्याला.

खालची_आळी
वाईट झालं. तिकडच्या मराठी मंडळात आडनाव विचारतात तेव्हा कुणाला पुढे उभं करतात, तेही कधी लिहा.

न्यूजर्सीकर
हे वैयक्तिक आहे. मी असलं काही केलेलं नाही.

माजी_कार्यकर्ती
मी अशा वस्तीभेटींना जाणाऱ्यांपैकीच. सगळ्यांना एका तागडीत तोलू नका. आम्ही गेलो, पाहणी केली, निवेदनं दिली, म्हणून एका वस्तीत नळ आला. बघायलाच जायचं नाही तर मदत करायची कशी?

खालची_आळी
नळ बायकांच्या हंडा मोर्चाने येतात, ताई. तुमच्या निवेदनावर सह्या कुणाच्या होत्या?

माजी_कार्यकर्ती
त्यांच्याच होत्या. पण मजकूर आम्ही रात्री जागून लिहिला! मोर्चात मीही होते, डोक्यावर काठी खाल्ली आहे. तुम्ही तिथे नव्हता.

ठाणेकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माजी_कार्यकर्ती
बसा. बघत बसणाऱ्यांवरच सिनेमा आहे.

सिनेखोर
मंडळी, सिनेमावर येऊ या का? धागा मी काढला होता, मला वाटतं.

खालची_आळी
सिनेमावरच आहे मी. तुम्ही नाटक बाहेरच्या कौतुकापाशी थांबवलंत, कारण तिथे टाळी मिळते. पुढे काय होतं? तीच नाटकमंडळी चांगल्या घरांच्या इमारतीत घुसते, आणि घरातले लोक त्यांना मशिनगनने भाजून काढतात. थिएटरात भीती विकत घ्यायला तयार, दारात आले की गोळ्या. मग रुबिन ज्यूडीशी संसार थाटतो, विमा विकतो, आणि इमारतीच्या धुलाईघरात डायनामाइट लावून अख्खी इमारत उडवतो. त्याच वर्षी जानेवारीत संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनच्या न्यूयॉर्कमधल्या पार्क अव्हेन्यूवरच्या घरी ब्लॅक पँथरांच्या मदतीसाठी पार्टी झाली होती, त्यावर पत्रकार टॉम वुल्फने लिहिलंय. ती पार्टी आणि ती मशिनगन जोडून बघा, म्हणजे कानाखालचा आवाज कुठून आला ते कळेल.

सिनेखोर
हं. मशिनगनचा भाग मी ढिसाळ म्हणून सोडून दिला होता. तो ढिसाळच आहे, पण लिहायला हवा होता.

अवंती_जो
चला, एक तरी पुरुष काहीतरी कबूल करतोय. मशिनगनचा मुद्दा मान्य. बलात्काराचा मुद्दा मात्र तुम्ही दोघांनीही सोयीने टाळलात. वस्तीतल्या आईचं शूटिंग न विचारता केलं म्हणून राग येतो, बरोबरच आहे. मग पडद्यावरच्या त्या बाईला बाहेर आल्यावर काय वाटलं, हे कॅमेऱ्याने तिला एकटीला का नाही विचारलं?

खालची_आळी
याला माझ्याकडे उत्तर नाही. डी पाल्माकडेही नसावं.

ठाणेकर
मग बघू की नको परत?

अवंती_जो
बघा. पॉपकॉर्नशिवाय.