एमएसडब्ल्यू झालेल्या सीनियर मंडळींना प्रश्न: आज आपण कोठे आहात आणि तेथे कसे पोचलात?

कागलची लेक

नमस्कार. मी कोल्हापुरात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या (एमएसडब्ल्यूच्या) शेवटच्या सत्रात आहे. प्रबंध सादर झाला आहे, तोंडी परीक्षा तेवढी राहिली आहे. पहिल्या वर्षी माझे क्षेत्रकार्य एका निरीक्षणगृहात, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तेथे, झाले आणि दुसऱ्या वर्षी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत. सध्या माझ्यासमोर दोन जागा आहेत. एक बालसंरक्षणाच्या कामातील समुपदेशकाची, 11 महिन्यांच्या करारावर. दुसरी आमच्या घराजवळच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात. तेथे पगार बरा आहे, पण दिवसभर हजेरीपटच हाताळावा लागेल, अशी मला धास्ती आहे.

वडिलांचे म्हणणे आणखी निराळे आहे. ते म्हणतात, "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागतीया? पुरात होडी घालणाऱ्या तालमीतल्या पोरांकडं कुठली डिग्री हाय?" यावर मला अजून नीट उत्तर देता आलेले नाही.

आपण आज काय करता आणि पुन्हा निवड करायची वेळ आली तर काय कराल, हे कृपया लिहावे. "आवड असली की सगळे जमते" हे उत्तर आमच्या निरोप समारंभात ऐकून झाले आहे.

फौंड्रीवाला

मी 2008 साली उत्तीर्ण झालो आणि तेव्हापासून फौंड्री उद्योगातच आहे. सध्या कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम करतो. या पदाला कायद्याचा आधार आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 49 ने 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याविषयीच्या 2020 च्या संहितेत ती मर्यादा 250 वर आणली आहे. त्यामुळे मुलाखतीत पगाराआधी पदनाम विचारा. पत्रावर 'कल्याण अधिकारी' असे लिहिले असेल तर तुमच्या पदवीला किंमत आहे. नुसते 'एक्झिक्युटिव्ह' असेल तर उद्या तुमच्या जागी कोणीही चालतो.

हजेरीपटाची धास्ती रास्त आहे. माझी पहिली पाच वर्षे ओळखपत्रे, कॅन्टीनची कुपने आणि पाळ्यांचे तक्ते यांतच गेली, आणि आपण शिकलो ते वाया गेले असे मी मित्रांना उघडपणे सांगत असे. मग 2014 मध्ये आमच्या मोल्डिंग विभागातील एक कामगार रात्रपाळी संपवून घरी जाताना महामार्गावर अपघातात गेला. नोकरीला लागताना भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर त्याने आईचे नाव दिले होते. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या, कागद तसाच राहिला. लग्न होताच आधीचे नामनिर्देशन रद्द ठरते, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते सांगणे ज्याचे काम होते त्या मीही सांगितले नव्हते.

मी घरी गेलो तेव्हा सासू सोप्यात बसली होती, सून आतल्या खोलीत, आणि पाणी आणून देणारी थोरली मुलगी दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती. निधीसाठी अर्ज क्रमांक 20, निवृत्तिवेतनासाठी 10 डी आणि विम्यासाठी 5 आयएफ. तिन्ही भरायला तासभर पुरतो. पण सासू-सुनेला एका चटईवर बसवायला मला सात रविवार लागले. मुलाच्या पैशावर आपला हक्क उरला नाही, या विचाराने म्हातारी दुखावली होती. सुनेला मात्र वाटत होते की सासू पैसे अडवते आहे. व्यक्ती सहाय्य कार्याच्या, म्हणजे एकेका माणसाला किंवा कुटुंबाला धरून मदत करण्याच्या विषयाच्या, तासाला जे ऐकून कंटाळा यायचा, त्यातले बहुतेक सगळे मला त्या सात रविवारी लागले. तेव्हापासून लग्नसराई सरली की जूनमध्ये मी नव्याने लग्न झालेल्यांची यादी काढतो आणि एकेकाला बोलावून नामनिर्देशन बदलून घेतो. कारखान्याला हे काम दिसत नाही, त्यामुळे कोणी अडवतही नाही. मी पुन्हा हीच नोकरी धरेन.

वॉर्ड नंबर पाच

माझी तुकडी 2012 ची. सहा वर्षे एड्स नियंत्रण कार्यक्रमात करारावर समुपदेशक होते. आता एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या नियमित पदावर आहे. दोन्ही बाजू पाहिल्या असल्याने कराराविषयी थोडे सविस्तर लिहिते.

करारावर मिळते ते मानधन असते, वेतन नव्हे, आणि हा फरक शब्दापुरता नसतो. रजा, प्रसूती, भविष्य निर्वाह निधी, प्रवासखर्च यांपैकी काय मिळणार हे आदेशात लिहिलेले असेल तरच मिळते. 11 महिने संपले की खंड आणि मग नवा आदेश. एका वर्षी तो अडीच महिने उशिरा आला. त्या काळात समुपदेशन केंद्र बंद ठेवणे मला जमले नाही, म्हणून मी रोज गेले, आणि त्या दिवसांचे मानधन आजतागायत मिळालेले नाही. माझ्या भोळेपणाचा भाग त्यात होताच. तुम्ही मात्र दरवर्षी पदनाम आणि कालावधी नमूद केलेले अनुभव प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी घेत जा. नियमित पदाच्या वेळी माझी कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा सहा वर्षांपैकी चारच धरली, कारण दोन वर्षांचे प्रमाणपत्र देणारा अधिकारी बदलून गेला होता.

वकिलांना बार कौन्सिल आहे. आपल्या व्यवसायाला देशपातळीवर तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे आपल्याच कामाच्या जाहिरातीत "किंवा कोणत्याही शाखेचा पदवीधर" अशी ओळ दिसते, आणि ती दिसली की माझा रक्तदाब वाढतो. मानसिक आरोग्याकडे वळायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मनोविकार समाजकार्यकर्त्याची जी व्याख्या आहे, तिच्यात एमएसडब्ल्यूच्या पुढे त्या विषयातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अपेक्षित आहे.

रुग्णालयातील काम म्हणाल तर निम्मे कागदांचे आणि निम्मे फोनचे. गेल्या गळीत हंगामात बीडकडच्या एका कोयत्यातील, म्हणजे ऊसतोडणीच्या जोडीतील, बाई दाखल झाली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका हवी, ती गावी पेटीत, आणि पेटीची किल्ली हिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. मुकादमाला चार वेळा फोन केल्यावर त्याने दीराला कुलूप तोडायला लावले.

शिरोळकर

तुमच्या वडिलांना माझ्याकडून एवढे सांगा. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी चढले, तेव्हा तालमीच्या पोरांनी जे केले ते आम्हा डिग्रीवाल्यांना साधले नसते. मला तर धड पोहताही येत नाही. पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले. घर एक, शिधापत्रिका एक, पण चुली दोन, अशी कुटुंबे यादीत एकदाच मोजली जाऊ लागली. भाड्याने राहणाऱ्या शेतमजुरांची भांडी, धान्य, अंथरूण सगळे वाहून गेले होते आणि पंचनाम्यावर नाव मात्र घरमालकाचे पडत होते. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी दारोदार फिरून अशी 61 कुटुंबे शोधली, प्रत्येकाच्या शेजाऱ्याचा जबाब लिहून घेतला आणि तहसील कचेरीत पाठपुरावा केला. त्यांपैकी 38 कुटुंबांना मदत मिळाली. कोणते घर यादीतून निसटते, हे ओळखायला आम्हाला शिकवले गेले होते.

आता दुसरी बाजू. ती संस्था आज नाही. आमचा पैसा एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी देणगीतून येत असे. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या, कायद्यात दुरुस्ती झाली, असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेचा हात आखडला आणि सहा महिन्यांत आमच्या कार्यालयाला टाळे लागले. मी गावी येऊन दूध संकलन केंद्र चालवायला घेतले.

आमच्याच तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे आमच्या गावातही तसा ठराव झाला, टाळ्या वाजल्या. त्यानंतरच्या पहिल्याच मयतीला मी पोचलो, तेव्हा एक चुलत सासू बांगड्या फोडायला उठली होती. ठरावाची गोष्ट मी काढलीच नाही. दूध घालायला येणाऱ्या दोन बायकांना, ज्या स्वतः विधवा आहेत, हळूच बोलावून, जिचा नवरा गेला होता तिच्या दोन्ही बाजूंना बसवले. म्हातारी बराच वेळ उभी राहिली आणि मग खाली बसली. या कामाचे मानधनही नाही आणि पगारही नाही. पदवी मी पुन्हा घेईन, पण दुसऱ्याच्या अनुदानावर संसार उभा करणार नाही.

कागलची लेक

आपणा तिघांचे मनापासून आभार. शिरोळकर दादांचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला, "61 म्हणजे घरं की माणसं?" एवढेच त्यांनी विचारले आणि घरे म्हटल्यावर गप्प राहिले. कारखान्यात फोन करून पदनाम विचारले, तर ते 'एचआर असिस्टंट' निघाले. कराराच्या आदेशाचा मसुदा सोमवारी मिळणार आहे. मॅडम, त्यात प्रवासखर्चाची ओळ नसेल, तर ती घालून मागता येते का?

वॉर्ड नंबर पाच

मागता येते, पण रुजू होण्याआधी आणि लेखी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.