चोपडा तालुक्यातली शाळा, हातात १२ हजार: पोरांना ताऱ्यांची जीवनयात्रा दाखवायला काय घ्यावं?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. ताऱ्यांच्या जीवनयात्रेचा धडा फळ्यावर झाला. तेजोमेघ, तारा, तांबडा राक्षसी, पुढे श्वेत बटू नाहीतर न्यूट्रॉन तारा नाहीतर कृष्णविवर. पोरांनी घडाघडा पाठ केलं. मग एक पोरगी म्हणाली, "सर, यातलं आपल्या गावावरून काय काय दिसतं?" गावाने वर्गणी काढून १२ हजार जमवलेत. ऑनलाइन एक '५२५ पट मोठं दाखवणारी' दुर्बीण त्यात बसतेय. घेऊ का? आणि न्यायचं कुठे, तोरणमाळ की पाटणादेवी?

सातपुड्याचा_वारा
सर, ती ५२५ पटवाली बिलकूल घेऊ नका. भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर २ पट, हा साधा हिशोब. ६० मिमीचं भिंग असेल तर १२० पटीच्या पुढे नुसता धूसर गोळा. वर स्टँड इतका लेचापेचा की पोराने डोळा टेकवला की तारा पसार. त्यापेक्षा १० बाय ५० च्या, म्हणजे १० पट मोठं दाखवणाऱ्या आणि ५० मिमी भिंगाच्या, दोन द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या.

तारा म्हातारा होताना कुणालाच बघायला मिळत नाही, लाखो-कोटी वर्षांचं काम आहे. पण जत्रेत उभं राहिलं की तान्ह्या पोरापासून काठी टेकत चालणाऱ्यापर्यंत सगळी वयं एकदम दिसतात. जानेवारीत रात्री आठ-नऊचं आकाश तसंच असतं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे धरा. त्यांच्याखाली बारीक ठिपके आहेत, त्यातला मधला पुसट दिसतो. तो तारा नाही, तेजोमेघ आहे, म्हणजे वायू-धुळीचा ढग, साधारण १,३०० प्रकाशवर्षांवर (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष). तिथे आजही तारे जन्मताहेत. मग कृत्तिका. सगळा पुंजका अवघा १० कोटी वर्षांचा, आपला सूर्य ४६० कोटींचा. रोहिणी नारिंगी दिसते, तिच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय आणि ती फुगलीय. आपल्या सूर्यावरही ती वेळ येणार, अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी.

आता मृगातला तांबडा काक्षी, म्हणजे बीटलज्यूस. इथे पोरांना जरा गोंधळू द्या. तो सूर्यापेक्षा वयाने खूपच लहान, एखाद कोटी वर्षांचा, तरी मरणाच्या दारात. कारण वस्तुमान. तारा जितका जड तितका गाभा तापतो आणि इंधन भसाभस जळतं. शेवटी गाभ्यात लोखंड साठतं, लोखंडाच्या संमीलनातून (अणुकेंद्रकं एकत्र जुळण्यातून) ऊर्जा मिळत नाही, आधार सुटतो आणि गाभा कोसळून त्याचा न्यूट्रॉन तारा नाहीतर कृष्णविवर होतं. सूर्यापेक्षा साधारण आठ पटींहून जड ताऱ्यांचं हे असं. हलके तारे बाहेरची आवरणं सोडून निमूट श्वेत बटू होतात, आणि त्या बटूचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पटींच्या वर जाऊ शकत नाही. ही मर्यादा आपल्या शास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी काढली. व्याधाला असा एक जोडीदार आहे, आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याएवढं. द्विनेत्रीतून तो दिसणार नाही, व्याधाच्या झगमगाटात हरवतो. पण बोट तिकडेच दाखवायचं.

भरीत_आणि_भाकर
भाऊ, पहिले आकाश दखा, मंग दुर्बीण ल्या! पण वरच्या भाऊंशी थोडा वाद आहे. शनीची कडी एकदा दाखवली की पोरं जन्मभर विसरत नाहीत, आणि ती द्विनेत्रीत दिसत नाहीत. ११४ मिमीची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन बघा, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. थोडी जास्त वर्गणी लागेल.

सातपुड्याचा_वारा
कडी मान्य. पण चाळीस पोरं रांगेत आणि सर एकटे दुर्बीण सरकवत बसलेले, हे चित्र डोळ्यासमोर आणा. या वर्षी द्विनेत्री, डॉब्सोनियन पुढच्या वर्षी.

गिरणेकाठचा
जागेचं बोलतो. पाटणादेवीचं नाव घेतलं की ऊर भरून येतो. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख तिथलाच. पण परिसर अभयारण्यात येतो. बिबट्याचा वावर आहे, रात्री पोरं घेऊन परवानगीशिवाय जाऊच नका. ते दिवसा दाखवा. तोरणमाळचं आकाश झकास, पण घाट आणि जानेवारीतली थंडी, लहान पोरांचे हाल होतील. खरं सांगू? गावाबाहेरचं कुणाचंही शेत चालेल, फक्त अमावास्येच्या आसपास जा. मोटारीच्या खोलीवरचा दिवा आठवणीने बंद करा. भरीत पार्टी जोडून केलीत तर वांगी आधी भाजून घ्या. पऱ्हाट्यांचा जाळ बघितला की डोळे अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. मोबाइलचंही तेच, टॉर्चवर लाल जिलेटिन बांधा.

आणि मृग म्हणजे पेरणी एवढंच पोरांना ठाऊक असतं. जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा मृग रात्री दिसत नाही, हे तिथेच सांगून टाका.

खळ्यात_झोपणारा
दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, राहिल्या की! त्याच रात्री आठच्या सुमारास वायव्येला देवयानी दीर्घिका शोधा. द्विनेत्रीत लांबट पांढुरका डाग दिसतो. फोटोतल्यासारखी रंगीत भोवरी दिसणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर पोरं हिरमुसतात. पण तो डाग २५ लाख प्रकाशवर्षांवरचा आहे.

आपल्या आकाशगंगेची रचना मात्र मे महिन्यात कळते. उकाड्याने गच्चीवर झोपतोच आपण, बारा-एकला उठून वृश्चिक-धनूकडे बघा. पट्टा तिथे जाड आणि उजळ दिसतो, कारण आपण केंद्राकडे बघत असतो. ते २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि तिथे सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. पट्ट्यातल्या काळ्या भेगा म्हणजे रिकामी जागा नव्हे, धूळ आहे. जानेवारीत मृगाजवळून जाणारा पट्टा फिका असतो, तेव्हा आपण तबकडीच्या बाहेरच्या कडेकडे बघतो. दोन्ही वेळा पट्टा वहीत काढायला लावा. आपण एका चपट्या तबकडीच्या आत, मध्यापासून बाजूला बसलोय, हे पोरं स्वतःच सांगतील.

तापीकाठ
५२५ पट रद्द, दोन द्विनेत्री नक्की. चोपडा-यावल पट्ट्यात जानेवारीच्या अमावास्येला कुणाचं शेत मोकळं असेल तर इथेच लिहा. केळीची बाग नको, पूर्वेकडचं काहीच दिसत नाही. हरभऱ्याचं चालेल. वांगी आमच्याकडून.