१२७५ ए-सिरीज, लांब ड्युरेशनचा कॅम, वाढवलेलं कॉम्प्रेशन: टायमिंग कोणत्या आकड्यावर लावायचं?

अर्धा_चोक

इंजिन बीएमसी ए-सिरीज १२७५ (जुन्या ब्रिटिश गाड्यांतलं, १२७५ सीसी). हेड घासून कॉम्प्रेशन १०.२ ला १ वर आणलंय. कॅमशाफ्ट साधारण २८० अंश ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह क्रँकच्या तितक्या अंशांपर्यंत उघडा), दोन एसयू कार्ब्युरेटर, ल्यूकास २५डी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा). पॉइंट काढून त्या जागी मॅग्नेटवाला इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवलाय. टायमिंग पुढे नेणाऱ्या कॅप्सूलची व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डला जोडलेली आहे.

९०० आरपीएमला टायमिंग ८ अंश ठेवलं (म्हणजे पिस्टन सर्वात वर, टीडीसीला, पोचण्याच्या ८ अंश आधी ठिणगी) की आयडल डळमळतं आणि २००० च्या खाली गाडी ओढतच नाही. १४ वर आणलं की खालचं सगळं सुधारतं, पण तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की ३५०० च्या पुढे नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठोकठोक) सुरू. १० आणि १२ वर दोन्ही त्रास थोडेथोडे. डिस्ट्रिब्युटरमध्ये, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या वर १३ चा शिक्का आहे. यात मधला एखादा आकडा जमेल, की डिस्ट्रिब्युटरच बदलावा?

फीलर_गेज

मधला आकडा नाही जमणार. आकडे दोन आहेत, आयडलचा आणि वरच्या आरपीएमचा, आणि तुम्ही एकच क्लॅम्प सैल करून दोन्ही एकदम हलवताय.

शिक्क्यातले १३ अंश डिस्ट्रिब्युटरचे. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ते २६ होतात. आयडलला १४ ठेवले तर वर १४ + २६ = ४०. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर सहसा २८ ते ३२ च्या दरम्यान लागतात. ८ वर लावूनही वर ३४ जातातच, म्हणजे खाली कमी आणि वर जास्त, दोन्हीकडून तोटा.

कारण असं. लांब कॅमला ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) जास्त आणि इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. कमी आरपीएमला आत जळका वायू उरतो, दाब कमी बनतो, मिश्रण रेंगाळत जळतं, म्हणून ठिणगी लवकर हवी. वर गेल्यावर सिलिंडर नीट भरतो, त्यात कॉम्प्रेशन वाढवलेलं. तिथे जळण झपाट्याने होतं आणि अॅडव्हान्स (ठिणगीची आघाडी) कमी पुरतो. कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरची चाल नेमकी उलट असते: खालून सुरुवात आणि लांब चढण.

तेव्हा आधी वरचा आकडा ठरवायचा, ३० धरा. खाली १४ हवेत, म्हणजे वजनांनी क्रँकवर १६ च द्यायचे, डिस्ट्रिब्युटरवर ८. डिस्ट्रिब्युटर बदलायची गरज नाही, त्याची चाल, म्हणजे वजनांनी मिळणारी वाढ, छोटी करायची.

एक विचारायचं राहिलं. ते ८ आणि १४ व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून मोजलेत ना? मॅनिफोल्डला जोडलेली असेल तर आयडलच्या आकड्यात व्हॅक्यूमचाही वाटा येतो.

अर्धा_चोक

हो, नळी काढून आणि तोंड बंद करूनच. चाल छोटी कशी करायची?

टीडीसी_शोधक

चालीला हात लावण्याआधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघा. रबर असलेल्या डॅम्परची (क्रँकचे हादरे शोषणाऱ्या पुलीची) बाहेरची कडी वर्षानुवर्षांत सरकते. शिवाय पुढचं कव्हर किंवा पुली दुसऱ्या इंजिनाची असू शकते. खूण ५ अंश चुकली तर वरची सगळी बेरीज वाया.

पिस्टन स्टॉप वापरा. बॅटरीची तार काढा, चारही प्लग काढा. एक नंबरच्या भोकात १४ मिमी आट्यांचा, बोथट टोकाचा, हवा जायला मधून भोक असलेला स्टॉप बसवा. एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल करून ठेवा, नाहीतर व्हॉल्व्ह स्टॉपवर येऊन वाकायचा. क्रँक पान्याने हळूच फिरवा. पिस्टन टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खूण करा. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. स्टार्टर चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल.

पुढच्या खुणा मोजपट्टीने काढता येतात. पुलीचा व्यास मिमीमध्ये घ्या, ३.१४ ने गुणा, ३६० ने भागा, ही एका अंशाची लांबी. १३० मिमीच्या पुलीवर एक अंश साधारण १.१३ मिमी, म्हणजे ३० अंशांची खूण टीडीसीपासून ३४ मिमीवर. कागदाची पट्टी गुंडाळून मोजा, सरळ पट्टीने वक्रावर चूक होते. १०, २०, ३० अशा तीन खुणा पांढऱ्या रंगाने केल्यात की साधी टायमिंग लाइटही पुरते. डायलवाल्या लाइटपेक्षा मला हेच भरवशाचं वाटतं, कारण एका वेळी अनेक ठिणग्या टाकणाऱ्या इग्निशन बॉक्सवर डायल वेडेवाकडे आकडे दाखवते.

अर्धा_चोक

खूण ३ अंश चुकीची निघाली, मी १४ वाचत होतो ते खरे १७. नव्या खुणांवर, नळी काढून:

९०० – १७
१५०० – २४
२००० – ३०
३००० – ३८
४००० – ४३
४५०० – ४३

फीलर_गेज

४३ वर नॉकिंग झालं नसतं तरच नवल. तुम्हाला बरी वाटलेली खालची जागा १४ नव्हती, १७ होती, हेही त्यातून कळलं. तरी १४ पासूनच सुरू करा. १७ वर गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळू शकतो, उलटा झटका बसू शकतो. वर ३२ च्या पुढे आत्ता जाऊ नका. बेस (आयडलचा आकडा) १४ आणि चाल १६ ते १८.

चाल छोटी करायची जागा: वरची प्लेट काढलीत की वजनं दिसतात. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमच्या पायाला एक चोच असते, वजनं पूर्ण उघडली की ती स्प्रिंगच्या खुंटीवर जाऊन टेकते. चोचीवर पितळेचा थर चढवा किंवा खुंटीवर घट्ट पितळी कडी बसवा. किती? केंद्रापासून टेकण्याच्या जागेचं अंतर मिमीत मोजा, ०.०१७५ ने गुणा. १२ मिमी आलं तर एका अंशाला ०.२१ मिमी. १३ वरून ९ वर आणायचे म्हणजे ४ अंश, साधारण ०.८४ मिमी. थर थोडा जास्तच द्या आणि कानसीने घासत खाली या, उलटं जमत नाही. कडी सैल राहिली तर एके दिवशी निसटेल आणि पुन्हा पूर्ण २६ मिळतील, तेही पूर्ण थ्रॉटलवर.

मग स्प्रिंग. तुमच्या आकड्यांत चढण ४००० पर्यंत चाललीय. चाल छोटी केल्यावर त्याच स्प्रिंगांवर ती २४०० ते २६०० च्या आसपासच संपेल, थोडी लवकर आहे. हे इंजिन ३००-३५० आरपीएमने हळू चढलेलं आवडेल, तेव्हा एक स्प्रिंग किंचित कडक घ्या. दोन्ही कडक केल्यात तर मधला भाग मेल्यासारखा लागेल. आयडलला वजनं पूर्ण मिटलेली असली पाहिजेत: ९०० वरून ७०० वर आणून बघा, खूण हलली तर स्प्रिंग फार मऊ आहे आणि आयडल कधीच स्थिर बसणार नाही.

कानसवाला

एक मुद्दा राहिला. शाफ्टच्या बुशमध्ये झीज असेल तर लाइटखाली खूण एका जागी न राहता दोन-तीन अंशांत नाचते. टायमिंग चेन सैल असली तरी तसंच. अशा वेळी नाचणाऱ्या खुणेचं सर्वात पुढचं टोक ३० वर ठेवा, सरासरी नव्हे. नॉकिंग पुढच्या टोकाला होतं.

व्हॅक्यूम मी काढूनच टाकला असता. या कॅमवर आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम इतका हलतो की कॅप्सूल थरथरत राहते.

फीलर_गेज

काढू नका. नळी मॅनिफोल्डवरून काढून एसयूच्या अंगावरच्या, थ्रॉटलच्या चकतीजवळच्या तोंडाला जोडा. तिथे आयडलला व्हॅक्यूम जवळपास नसतो, म्हणून थरथर संपते. स्थिर वेगाने, अर्ध्या थ्रॉटलवर मिश्रण पातळ आणि सिलिंडर अर्धवट भरलेला असतो, तिथे ४० च्या वर अॅडव्हान्स चालतो. तो नसेल तर पेट्रोल जास्त जातं आणि एक्झॉस्ट विनाकारण तापतो. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम शून्याजवळ येतो, त्यामुळे तुमच्या नॉकिंगशी त्याचा संबंध नव्हता. मात्र नॉकिंग अर्ध्या थ्रॉटलवर झालं तर दोष कॅप्सूलचा. तिच्यावरचा तिसरा आकडा डिस्ट्रिब्युटरचे अंश सांगतो, त्याचे दुप्पट क्रँकवर.

टीडीसी_शोधक

सगळं बसल्यावर: इंजिन पूर्ण गरम, नळी बंद, ४००० ला २८ पासून सुरुवात. एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये २५०० ते ४५०० ला किती सेकंद लागतात ते मोजा. दर वेळी एक अंश वाढवा. वेळ कमी व्हायची थांबली की तिथून दोन अंश मागे. नॉकिंग ऐकू येईपर्यंत वाढवत नेऊ नका, ४००० च्या वर एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूच येत नाही. त्याऐवजी प्लग काढून बघा: पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक कण दिसले तर लगेच मागे या. त्याच वेळी मिश्रण पातळ नाही ना, एसयूच्या सुया बरोबर आहेत ना, तेही बघा. पातळ मिश्रणाचं खापर अनेकदा टायमिंगवर फुटतं.

या इंजिनात रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं. आणि क्लॅम्पचा नट आवळताना बॉडी एखादा अंश सरकतेच, आवळल्यावर लाइट पुन्हा लावा.