भीती करारात लपते

बॉक्सिंगमधले दोन मोठे खेळाडू वर्षानुवर्षं समोरासमोर येत नाहीत, तेव्हा "दोघेही घाबरतात म्हणून लढत होत नाही" असं म्हटलं जातं. हे मत अर्धंच पटतं. भीती कुणी बोलून दाखवत नाही, ती लढतीच्या कराराच्या अटींमध्ये शिरते. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ हे बॉक्सर घ्या. त्यांची मार्च २०१० ची लढत उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीवरून मोडली. पॅकियाओ लढतीच्या २४ दिवस आधीपर्यंतच रक्त द्यायला तयार, मेवेदर १४ वर अडून. फरक दहा दिवसांचा, खोळंबा पाच वर्षांचा! २ मे २०१५ ला जुळलं तेव्हा पैशांची वाटणी ६०-४०, मोठा वाटा मेवेदरचा, आणि दोघांचाही ऐन भराचा काळ ओसरलेला.

पोस्टरवर आधी नाव कुणाचं, रिंगमध्ये शेवटी कोण येणार, इथे अडलं की तो अहंकार. भीती बघायची तर वजनाच्या अटी वाचा: कॅचवेट (नेहमीच्या वजनगटाऐवजी दोघांनी ठरवलेली वजनमर्यादा), किंवा लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन, म्हणजे आदल्या दिवशी वजन देऊन झाल्यावर मोठ्या अंगाच्या माणसाला अंगात पाणी भरून ताकद परत मिळवता येऊ नये. सगळ्यात सोयीची युक्ती म्हणजे समोरच्याला अपमान वाटेल इतका कमी पैशांचा वाटा देऊ करायचा. नकार आपसूक समोरच्याच्या तोंडून येतो.

हेवीवेट विजेता रिडिक बो याने तर आडपडदाही ठेवला नाही. डिसेंबर १९९२ मध्ये लंडनला त्याने डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टाच कचऱ्याच्या डब्यात टाकला, म्हणजे आव्हानवीराशी लढायलाच नको. आव्हानवीर होता लेनॉक्स लुईस, ज्याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात बो याला दुसऱ्याच फेरीत थांबवलं होतं. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत.