तूप बंद करा म्हणे! उंदरांवरचा अभ्यास आपल्या ताटाला लावायचा का?

कृष्णाकाठची (सांगली)
आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'तुपानं आतड्याचा कॅन्सर होतो.' आधार म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास जोडलाय. मी तो नीट वाचला. उंदरांना कित्येक महिने ६० टक्के उष्मांक चरबीतून मिळतील असं खाणं दिलं. त्यांच्या आतड्याच्या अस्तरातल्या मूळ पेशी (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात) वाढल्या आणि ज्या मूळ पेशी नव्हत्या त्याही तशाच वागायला लागल्या. अशा पेशींतून गाठ धरू शकते. अभ्यास चोख आहे, पण ६० टक्के! भाकरीवरचं चमचाभर तूप कुठे आणि हे कुठे? माणसांचं बघायचं तर अमेरिकेत जवळपास ४९ हजार बायकांची चाचणी झाली. त्यातल्या एका गटाचं तेल-तूप कमी केलं आणि सुमारे आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००६ ला निकाल आला: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फरक नाही. मग सासूबाईंच्या ताटातलं तूप कशापायी काढायचं?

लॅबवाला मिरज
ताई, नाही पटलं. त्या गटाला चरबी २० टक्क्यांवर आणायची होती, सरासरी तिथवर पोचलीच नाही. शिवाय साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला दहा-दहा वर्षं जातात, मग आठ वर्षांत काय दिसणार?
आणि हे होतं कसं तेही बघा. चरबी पचवायला पित्त लागतं. चरबी जास्त तर पित्त जास्त. त्यातलं थोडं मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्याचं डिऑक्सिकोलिक आम्ल करतात, त्यानं अस्तराला इजा होते आणि ती भरून काढायला पेशी भराभर वाढतात. २०१५ ला दक्षिण आफ्रिकेतल्या खेडुतांना दोन आठवडे अमेरिकन जेवण दिलं, तर असली पित्ताम्लं आणि पेशींची वाढ दोन्ही वर गेली. हे उंदीर नव्हते, माणसं होती.

कृष्णाकाठची (सांगली)
त्या अदलाबदलीत चरबी वाढली तसा चोथाही घटला की! नुसत्या तुपावर खापर का? जोंधळ्याची भाकरी, मटकी, मेथी खाणाऱ्याच्या पोटात जंतूंना चोथा मिळतो, त्याचं ब्युटिरेट होतं आणि ते अस्तराला पोसतं.

घाण्यावरचा (जत)
सगळी चरबी एका मापानं मोजू नका. प्रयोगातल्या उंदरांत मक्याचं तेल भरपूर दिलं तेव्हा गाठी वाढल्या, माशाचं तेल तेवढंच देऊन वाढल्या नाहीत. आमच्या करडईच्या तेलात मक्यासारखंच लिनोलेइक आम्ल (चरबीचाच एक प्रकार) भरपूर. ते विकतो मीच, तरी सांगतो: एकाच तेलावर राहू नका, जवसातली चरबी माशाच्या तेलाच्या जातकुळीतली, म्हणून त्याची चटणी रोज ताटात असू द्या.

लॅबवाला मिरज
चोथ्याचं मान्य, ताई. पण भाकरी खातंय कोण? सासूबाई. घरातली पोरं सकाळी वडा, दुपारी मैद्याची पुरी, संध्याकाळी तेलात परतलेलं भडंग. त्यांच्या पोटात तेल जातं, चोथा जात नाही, वर कमरेचा घेर वाढतो. आणि लठ्ठपणानं मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढतो हे माणसांतच सिद्ध झालंय. सासूबाईंचं तूप राहू द्या. पोरांची कढई उतरवा, आणि तो मेसेज चुकीचा म्हणून फिरवण्याआधी एवढं त्यात घाला.