मदत हवी आहे: ४० हजार किमीच्या सर्व्हिसचा अंदाज २१,८९० रुपये, यातलं खरंच लागणारं काय?

एमएच-०९ प्रवासी (धागाकर्ता)

गाडी २०२१ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. रीडिंग ३८,६००. रोज कोल्हापूर शहर ते शिरोली एमआयडीसी जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात. मागची सर्व्हिस अकरा महिन्यांपूर्वी झाली. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे. गाडीत तक्रार काही नाही. स्टार्टिंग, पिकअप, ॲव्हरेज, एसी सगळं नीट.

अधिकृत सर्व्हिस सेंटरनं दिलेला अंदाज असा: इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर २,३५०, एअर फिल्टर ४२०, केबिन फिल्टर ६५०, चार स्पार्क प्लग १,०४०, ब्रेक ऑइल ७८०, कूलंट १,२५०, ब्रेक सर्व्हिस ९००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग-रोटेशन १,१००, इंजिन फ्लश ८५०, इंजेक्टर क्लीनिंग १,६५०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ७५०, एसी इव्हॅपोरेटर क्लीनिंग १,४५०, अंडरबॉडी कोटिंग ४,२००, इंजिन ड्रेसिंग आणि उंदीर स्प्रे ९००, इंटिरिअर क्लीनिंग १,४००, मजुरी २,२००. एकूण २१,८९०.

ॲडव्हायझरचं म्हणणं, "४० हजारची सर्व्हिस मोठी असते, सगळंच करावं लागतं." यातलं काय टाळता येईल? आणि टाळलं तर वॉरंटीला बाधा येते का?

पाना-स्क्रू

आधी ग्लोव्ह बॉक्समधलं ओनर्स मॅन्युअल काढा. मागच्या भागात 'नियतकालिक देखभाल' असा तक्ता असतो. वर किलोमीटर आणि महिने, डाव्या बाजूला भाग, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर: बदला किंवा तपासा. तुमचा अंदाज त्या तक्त्याशेजारी ठेवून ओळीनं जुळवा. तक्त्यात 'बदला' असेल ते करायचंच. 'तपासा' असेल तर तपासून काय निघालं ते विचारायचं, थेट बदलायचं नाही. आणि जे तक्त्यात मुळातच नाही, ते गाडीत लक्षण दिसत असेल तरच.

ॲडव्हायझरकडचा छापील मेन्यू म्हणजे हा तक्ता नव्हे. त्यात तक्त्यातली कामं आणि विक्रीची पॅकेजेस एकाच रांगेत मांडलेली असतात, म्हणून दोन्ही सारखीच गरजेची वाटतात.

आता तुमच्या यादीबद्दल. इंजिन ऑइल आणि फिल्टर निर्विवाद. १० हजार किमी किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते. फिल्टरसह किती लिटर लागतं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. या आकाराच्या इंजिनाला बहुधा तीन ते साडेतीन लिटर. बिलात तेवढेच लिटर आहेत का आणि ग्रेड मॅन्युअलमधलीच आहे का (उदा. ०डब्ल्यू-२०), एवढं पाहा. ड्रेन प्लगचा वायसर नवा टाकायला सांगा. वायसर किरकोळ किमतीचा असतो, पण जुनाच बसवला की ऑइल चेंबरखाली थेंब दिसायला लागतात, मग कोणीतरी प्लग आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियम चेंबरचे आटे जातात. गाडी ताब्यात घेताना सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेला टेकलेली हवी. वरच्या खुणेपलीकडे गेलेलं ऑइल चांगलं नसतं. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाळ ऑइलचं प्रेशर टिकत नाही.

इंजिन फ्लश नको. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात गाळ साठत नाही. फ्लशचं पातळ द्रावण ड्रेन केलं तरी थोडं आत राहतं आणि नव्या ऑइलचा जाडपणा कमी करतं. उलट ज्या इंजिनात खरोखर गाळ आहे तिथे तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याची भीती असते. म्हणजे चांगल्या इंजिनाला फ्लशची गरज नाही आणि खराब इंजिनाला त्याचा धोका.

इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग): आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, गाडी थरथरत असेल, मिसिंग असेल, सकाळी स्टार्टर जास्त मारावा लागत असेल, एसी लावल्यावर बंद पडत असेल तरच. तुमच्या वर्णनात यातलं एकही नाही. शिवाय तुमच्याकडे साधं पोर्ट इंजेक्शन असणार, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर फवारलं जातं आणि व्हॉल्व्ह धुतला जात राहतो. टर्बो-डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्हवर कार्बन जमतो, तिथला विचार वेगळा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल पुन्हा शिकवावं लागतं. ते राहिलं तर चांगली गाडी घेऊन गेलात आणि आरपीएम वरखाली होणारी घेऊन आलात असं होतं.

घाटवाट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण ब्रेकवर जास्त बोलायला हवं, कारण महिन्याला करूळ घाट आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर किमान १५५ अंश असावा, असा मानक आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. वळणावळणाच्या उतारावर सतत ब्रेक धरला की डिस्क-पॅडची उष्णता कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइलपर्यंत पोचते. ओल जास्त असेल तर ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. गावातल्या सिग्नलला हे कधीच कळणार नाही. म्हणून घाटात जाणाऱ्यानं दोन वर्षांची मुदत पाळावीच. तुमची गाडी २०२१ ची आहे. आधी कधी बदललं याची नोंद सर्व्हिस हिस्टरीत नसेल तर ७८० रुपये हा या यादीतला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च.

फक्त काम पूर्ण होतंय का ते बघा. बऱ्याचदा बोनेटखालच्या डबीतलं जुनं ऑइल सिरिंजनं ओढतात, वर नवं ओततात आणि बदललं म्हणतात. कॅलिपरमधलं जुनं तसंच राहतं, आणि उकळतं ते तिथलंच. चारही चाकांच्या ब्लीडर स्क्रूमधून (ऑइल बाहेर काढायचा स्क्रू), मॅन्युअलमधल्या क्रमानं, स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढायला हवं. याला अर्धा ते एक लिटर लागतं. डबा सीलबंद असेल तोच समोर उघडायला सांगा. उघडून महिनाभर पडलेला डबा तिथेच ओल शोषत बसलेला असतो.

ब्रेक सर्व्हिसही करा, पण नुसती हवा मारून साफसफाई नको. पुढच्या पॅडची जाडी मोजून मिलिमीटरमध्ये सांगायला सांगा. नवा पॅड साधारण १० मिमी असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायच्या तयारीला लागा. एकाच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये बराच फरक असेल तर कॅलिपरची पिन अडकते आहे. ती काढून पुसून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं की काम होतं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट होते. मागे ड्रम असेल तर उघडून लायनरची भुकटी काढणं आणि हँडब्रेक ॲडजस्ट करणं, एवढं पुरे.

आणि उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल कितीही नवं असलं तरी हे सुटत नाही.

एमएच-०९ प्रवासी

दोघांचेही आभार. तक्ता काढून बघितला. ऑइल-फिल्टर १० हजार किंवा १ वर्ष. एअर फिल्टर ४० हजारला बदला, धुळीत वापर असेल तर त्याआधी. प्लग ४० हजारला बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. कूलंट पहिल्यांदा १ लाख ६० हजारला! केबिन फिल्टर २० हजारला. फ्लश, इंजेक्टर, ड्रेसिंग, कोटिंग यांचा उल्लेखच नाही. ब्रेक ऑइलची जुनी नोंद कुठेच नाही.

मग कूलंट यादीत कसं आलं? आणि अंडरबॉडी कोटिंगबद्दल सांगा. गगनबावड्याचा पाऊस आणि कोकणातली खारी हवा, म्हणून ॲडव्हायझर त्यावर फार भर देत होता.

पाना-स्क्रू

कूलंट नको. थंड इंजिनवर टाकीतली पातळी किमान-कमाल रेषांच्या मध्ये आहे का बघा. पातळी दर दोन-तीन महिन्यांनी खाली जात असेल तर गळती शोधायला हवी, नवं कूलंट भरून प्रश्न मिटत नाही. मध्येच थोडं टाकायची वेळ आलीच तर मॅन्युअलमधल्या प्रकाराचंच, तयार मिश्रण. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. रंग सारखा दिसला म्हणून दोन कूलंट एकमेकांत मिसळू नका. रंग कंपनी ठरवते, रसायन वेगळं असू शकतं.

प्लगमध्ये एक खात्री करा. ४० हजारला बदला म्हणतात म्हणजे साधे निकेलचे असणार. इरिडियम असते तर मुदत बरीच लांब असती. इंजिन थंड असताना काढायला सांगा. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे ओढले जातात, आणि तो खर्च या अख्ख्या बिलाहून मोठा होतो.

पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या धुळीतून रोज जाता, त्यामुळे एअर फिल्टर ४० हजारपर्यंत थांबू नका. दर पाच हजारला झाकणाच्या क्लिपा काढून बघायला दोन मिनिटं लागतात. घड्यांच्या तळाशी राखाडी थर बसला असेल तर बदला. उलट दिशेनं जोरात हवा मारू नका, कागद फाटतो, आणि बारीक फट पडली की धूळ थेट सिलिंडरमध्ये. केबिन फिल्टर तर ग्लोव्ह बॉक्स खाली सोडून हातानं निघतो. बाणाची दिशा बघून नवा सरकवायचा. त्यासाठी मजुरी देऊ नका.

चाकोरी

अंडरबॉडी कोटिंगबद्दल. आताच्या गाड्यांच्या पत्र्याला कारखान्यातच गंजरोधक थर आणि सांध्यांना सीलंट दिलेलं असतं. चार वर्षांच्या गाडीवर नंतर फवारलेला काळा थर चिखलावर किंवा ओलीवर बसला तर ती ओल आतच कोंडली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. दारांच्या खालच्या कडेला आणि साइड सिलला पाणी निघायची छोटी भोकं असतात. फवारा मारताना ती बुजतात. मग पावसाचं पाणी आत साठून पत्रा आतून कुजतो, म्हणजे गंज टाळायला पैसे देऊन गंजच आणायचा.

कोल्हापूर समुद्रापासून लांब आहे. कोकणातून आल्यावर दुसऱ्या दिवशी चाकांच्या कमानी, सस्पेन्शन आणि खालचा भाग साध्या पाण्यानं नीट धुवा, एवढं पुरेसं आहे. पावसाळ्याआधी बोनेट उघडून वायपरखालच्या जाळीत अडकलेली पानं हातानं काढा. तिथलं ड्रेन तुंबलं की पाणी ब्लोअरमधून पायाशी येतं, आणि मग फ्लोअर खराब होतो तो आतून.

इंजिन ड्रेसिंग म्हणजे प्लॅस्टिकवर चकाकी. तेलकट थरावर धूळ जास्त बसते, त्यामुळे गळती कुठून आहे हे पुढे ओळखता येत नाही. उंदराचा स्प्रे काही आठवड्यांत उडतो. गाडी उसाच्या फडालगत किंवा गोदामाजवळ लागत असेल तर खालच्या मोकळ्या जागांना बारीक स्टीलची जाळी आणि उघड्या वायरिंगवर जाड स्लीव्ह, हा टिकणारा उपाय. एसी चालू केल्यावर कुबट वास येत नसेल तर इव्हॅपोरेटर क्लीनिंग कशाला? घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, आतली कॉइल सुकते आणि वासाचं मूळच जातं. थंडावा कमी वाटला तर आधी केबिन फिल्टर, मग पुढच्या कंडेन्सरवर चिकटलेले किडे आणि धूळ हलक्या पाण्यानं. 'गॅस टॉप-अप' दरवर्षी लागत असेल तर कुठेतरी गळती आहे.

अलाइनमेंटचं सरसकट नको-हवं नाही. टायर आतून-बाहेरून सारखे झिजताहेत का हे तळहात फिरवून कळतं. एका कडेला करवतीसारखं लागलं, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहिलं किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर करा. करूळसारख्या रस्त्यावर १० हजारला एकदा केलं तर वाया जात नाही. पण आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही रीडिंगची प्रिंट मागा. बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) ॲडजस्ट होतो, मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीम ॲक्सलला ॲडजस्टमेंट नसते, त्यामुळे 'चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट केला' असं सांगितलं तर कुठून केला ते दाखवायला सांगा.

एमएच-०९ प्रवासी

म्हणजे फ्लश, इंजेक्टर, थ्रॉटल, एसी, अंडरबॉडी, ड्रेसिंग-स्प्रे, इंटिरिअर आणि कूलंट वगळायचं. हे १२,४५० झाले. उरलेले ९,४४०. वॉरंटीचं राहिलं.

घाटवाट

वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी वाचा. त्यात तक्त्याप्रमाणे वेळेवर देखभाल आणि तिची नोंद मागितलेली असते. कोटिंग, फ्लश, ड्रेसिंग ही अट तिथे नसेल तर ते न केल्यानं वॉरंटी जात नाही. कोणी "जाईल" म्हणालं तर कलम दाखवायला किंवा जॉब कार्डवर तसं लिहून द्यायला सांगा. तरीही अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

गाडी सोडताना जॉब कार्डवर ॲडव्हायझरच्या हातानं हे लिहून घ्या: "फक्त ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, चारही चाकांतून ब्रेक ऑइल, ब्रेक सर्व्हिस, अलाइनमेंट-बॅलन्सिंग-रोटेशन. अन्य कोणतंही काम फोनवर मंजुरी घेतल्याशिवाय नाही. काढलेले सुटे भाग डिकीत ठेवावेत." खाली सही दोघांचीही. केबिन फिल्टर काउंटरवरून नुसता पार्ट घ्या. २,२०० मजुरी मूळ यादीसाठी लावली आहे का, हेही विचारा. यादी निम्मी झाल्यावर ती कमी व्हायला हवी, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा लागणार, हे सही करण्याआधी स्पष्ट करून घ्या.