नावं भट्टीतूनच निघू देत

युद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी साताऱ्यातल्या शाळेच्या सभागृहात रंगीत काचेची खिडकी करावी, ही इथे आलेली सूचना मनापासून पटली. पण खर्च वाचवायला साध्या काचेवर छापील फिल्म चिकटवायची, हे कृपा करून नको. उन्हानं ती विटते, कडेनं सुटते. हुतात्म्याचं नाव सोलून निघालेलं कुणाला बघवेल?

खऱ्या स्टेन्ड ग्लासमध्ये रंग काचेच्या अंगातच असतो. कोबाल्टनं निळा येतो, तसा. नावं काचेची पूड आणि लोहाचं ऑक्साइड कालवून केलेल्या काळपट लेपानं लिहितात, मग काच भट्टीत साडेसहाशे अंशांच्या आसपास भाजतात. लेप काचेशी एकजीव होतो, सहजी पुसला जात नाही. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख देतात.

आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक सातारा सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी. २०१५ मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं. नावांची यादी पुढेही वाढू शकते, म्हणून खिडकीत खाली काही तुकडे बिननावाचे ठेवा आणि ते सुटे काढता येतील असे बसवा. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा बाहेरून साधी काच हवीच, मधे हवा खेळायला फट ठेवून.